भूल उतरल्यावर घसा का दुखतो?

प्रश्न : माझ्या पत्नीचे पित्ताशयाचे दुर्बिणीद्वारे ऑपरेशन व्हायचे आहे. पूर्वी एका ऑपरेशनसाठी तिला संपूर्ण भूल दिली होती, तेव्हा पोटापेक्षा घशानेच तिला अधिक त्रास दिला आणि आवाजही बसला होता. ती शिक्षिका आहे. या वेळी हे टाळता येईल का?

उत्तर : पूर्णपणे टाळता येईल, असे आश्वासन कोणी देऊ नये, मात्र त्रास बराच कमी करता येतो. संपूर्ण भूल देताना श्वासनलिकेत जी नळी घालतात, तिच्या टोकाजवळ हवेने फुगवायचा एक छोटा फुगा असतो. पोटातील स्राव फुप्फुसात उतरू नये आणि दिलेली हवा बाजूने निसटू नये, यासाठी तो आवश्यकच आहे. पण तो प्रमाणाबाहेर फुगला, तर श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा दबतो आणि तेथे सूज येते. म्हणून त्यातील दाब साधारणपणे 20 ते 30 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका ठेवतात. बाहेर लोंबणारी फुग्याची पिशवी बोटांनी चाचपून हा दाब नीट कळत नाही, तो दाबमापकानेच मोजावा लागतो. भुलेत नायट्रस ऑक्साइड वापरला असेल, तर तो वायू हळूहळू फुग्यात शिरून दाब वाढवतो. अशा वेळी एकदाच मोजून भागत नाही.

स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. नळी थोडी कमी जाडीची निवडल्यास तो कमी होतो. काही शस्त्रक्रियांत नळीऐवजी घशातच बसणारा लॅरिंजियल मास्क चालतो, पण तो निर्णय भूलतज्ज्ञांचाच. मळमळ टाळण्यासाठी शिरेतून पुष्कळदा दिले जाणारे डेक्सामेथासोन घशाची सूजही कमी करते. ऑपरेशनपूर्वी बेंझिडामिन (सूज व वेदना कमी करणारे औषध) किंवा केटामाइन (भुलेचे एक औषध) यांच्या गुळण्यांचाही उपयोग दिसून आला आहे. मात्र त्या वेळी पोट रिकामे ठेवायचे असते, तेव्हा घरच्या घरी काहीही सुरू करू नये.

तुमच्या हातातली गोष्ट म्हणजे ऑपरेशनपूर्व तपासणीत भूलतज्ज्ञांशी होणारे बोलणे. आपल्याकडे सर्जनला दहा प्रश्न विचारतात आणि भूलतज्ज्ञांपुढे मात्र फक्त सही करतात! मागील अनुभव, आवाजावर अवलंबून असलेला पेशा, नुकतेच झालेले सर्दी-पडसे, पित्त घशाशी येणे, हलणारे दात, हे सर्व त्यांना सांगा आणि फुग्याचा दाब मोजणार का, हेही नि:संकोच विचारा. मागच्या ऑपरेशनची भुलेची नोंद मिळाली तर ती सोबत न्या, कारण कोणत्या जाडीची नळी वापरली आणि ती घालताना अडचण आली होती का, हे तीत सहसा लिहिलेले असते.

नंतर घसा दुखलाच, तर परवानगी मिळताच पाण्याचे लहान घोट, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक पुरते. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत बरे वाटते. काही दिवस मोठ्याने बोलणे टाळावे, वर्गात शिकवणे तर नकोच. श्वास घेताना घरघर किंवा धाप, गिळता न येणे, मानेला सूज, ताप किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आवाज आठवड्याहून अधिक काळ बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.