दोन पॉलिसी आणि न पाठवलेला ईमेल

फोंड्याहून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगा अमेरिकेत एमएस करतो. जाताना इथल्या कंपनीची स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी घेतली. विद्यापीठाने आपलाही आरोग्य विमा फीमध्ये लावला, कारण तो नको असल्याचा अर्ज मुदतीत भरायचा राहून गेला. मे महिन्यात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. विद्यापीठाच्या विम्याने बरंचसं भरलं, साडेचार हजार डॉलर मुलाच्या अंगावर आले. पूर्ण बिल इथल्या कंपनीकडूनही मिळेल का?

नाही. उपचारखर्चाचा विमा नुकसान भरून देतो, त्यावर नफा देत नाही. मागायचे ते साडेचार हजार, आणि त्यातूनही इथल्या पॉलिसीतली वजावट, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायचा ठरलेला भाग, जाईल. रुग्णालयाच्या छापील बिलाचा मोठा आकडा विसरा. विमा कंपनीशी ठरलेल्या दरामुळे त्यातून जी सूट मिळाली, ती तुमचं नुकसान नाही. ‘एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ या कागदावर रुग्णाचा वाटा म्हणून जो आकडा असेल, तोच धरा.

पण तुमचं खरं दुखणं पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: ‘इथल्या कंपनीला अजून कळवलेलं नाही. एजंट म्हणाला, आधी तिथलं मिटू दे. मग गणेश चवथ आली.’

आता ऑक्टोबर आहे. अशा पॉलिसींत घटना कळवणं आणि कागद पाठवणं ही सहसा दोन वेगळी कामं असतात. कळवायचं ताबडतोब, पॉलिसीवर छापलेल्या मदत-क्रमांकावर, कागद नंतर. कळवायला ना अंतिम बिल लागतं, ना पहिल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कंपनीचा निकाल. मुलाच्या मित्राने रुग्णालयातून दोन ओळींचा ईमेल केला असता तरी भागलं असतं. एजंटने विमा विकला, पॉलिसी वाचायची तुम्ही होती.

यातून वाट आहे. विमा नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं की, केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नका, आधी उशिराचं कारण तपासा. सर्वोच्च न्यायालयानेही 2017 मध्ये ओम प्रकाश प्रकरणात, वाहनचोरीच्या दाव्यात का असेना, हाच सूर लावला. मात्र कारण तुम्हाला द्यावं लागेल. अमेरिकेतल्या कंपनीचा हिशोब कोणत्या तारखेला आला ते कागदासह लिहा. त्यानंतरच्या आठवड्यांचं उत्तर कठीण आहे. चवथीचं कारण फोंड्यात चालेल, क्लेम विभागात नाही. पण खोटं कारणही रचू नका.

फॉर्मवर ‘दुसरा विमा आहे का’ असा रकाना असेल, तिथे ‘होय’ लिहा. इथे लपवाछपवी केली तर उशीर माफ होऊनही दावा बुडेल. मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे अडकली असतील, तर त्यांच्या साक्षांकित प्रती आणि पहिल्या कंपनीचं हिशोबपत्र जोडा. दोन पॉलिसींपैकी कुठे आधी जायचं हे विमेदाराने निवडावं, हा आपला नियम इथल्या कंपन्यांना लागू आहे. अमेरिकेतल्या कंपनीला तो दाखवून उपयोग नाही. दोन्ही करारांची कलमं पाहिल्याशिवाय त्यावर अधिक बोलणार नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्याचं कार्यालय गोव्यात नाही, पण तक्रार ऑनलाइन होते, वकील लागत नाही आणि चालतही नाही. नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षं आहेत. तुम्हाला मडगावचा आयोग की पर्वरीचा, ते तालुक्याचा जिल्हा पाहून ठरवा. मी आधी लोकपालच सुचवीन. आयोगात तारीख पडण्याची वाट पाहण्यातच मुलाची पदवी पूर्ण होईल. कंपनीला स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने या मुदती लांबत नाहीत.

आणि विमेदार मुलगा आहे, तुम्ही नाही. तो सज्ञान आहे. ईमेल त्याच्या पत्त्यावरून, त्याच्या नावाने, आजच जाऊ द्या.