फिश टँकमधील जिवंत वनस्पतींसाठी साधा दिवा कोणता लावावा आणि त्यांची निगा कशी राखावी?

तुम्ही दर्यापूर तालुक्यातील गावातून विचारले आहे की, दोन फुटी टाकीत गप्पी मासे आहेत, नागपूरहून आणलेल्या वनस्पतींची पाने महिनाभरात पिवळी पडून गळू लागली आहेत आणि काचेवर हिरवा थर धरला आहे. टाकी खिडकीजवळ असून दिवा सकाळपासून झोपेपर्यंत चालू असतो, तर आणखी मोठा दिवा घ्यावा काय? माझे उत्तर असे की, मोठा दिवा घेऊ नये. मी भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यात राहतो आणि बरीच वर्षे अशा टाक्या सांभाळतो आहे. नवशिक्याची टाकी प्रकाश कमी पडल्याने क्वचितच बिघडते, बहुधा ती प्रकाश जास्त वेळ आणि अनियमित पडल्यामुळे बिघडते.

आधी दिव्याविषयी. तुमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असेल, तर काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ४५ लिटर उरते. कमी प्रकाशावर जगणाऱ्या वनस्पतींना लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन (दिव्यातून निघणारा प्रकाश मोजण्याचे एकक) पुरतात, असा शौकिनांमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे. म्हणजे तुम्हाला ७०० ते ११०० ल्युमेन हवेत. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब साधारण एवढाच प्रकाश देतो आणि दोन फुटी एलईडी ट्यूब घेतल्यास तो प्रकाश टाकीभर सारखा पसरतो. खोक्यावर ल्युमेनचा आकडा आणि ६५०० केल्व्हिन, म्हणजे ‘कूल डेलाइट’, असे छापलेले पाहून घ्यावे. निळ्या-जांभळ्या रंगांच्या शोभेच्या पट्ट्या डोळ्यांना सुंदर दिसतात, पण केवळ त्यांच्या भरवशावर वनस्पती वाढवू नयेत. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काच असावी आणि वायर बोर्डाकडे नेण्यापूर्वी थोडी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी बोर्डापर्यंत न जाता त्या लोंबत्या भागातून खाली पडेल.

दिव्यापेक्षा महत्त्वाचे आहेत त्याचे तास. नव्या टाकीत रोज ६ तासांपासून सुरुवात करावी, नवी पाने फुटू लागल्यावर ती मुदत ७ ते ८ तासांवर न्यावी आणि तिथेच थांबावे. वनस्पती एका मर्यादेपलीकडे प्रकाश वापरू शकत नाहीत. उरलेला प्रकाश शेवाळ वापरते, कारण त्याला अन्नही थोडेच लागते आणि ते वाढतेही झपाट्याने. तुमच्या काचेवरचा हिरवा थर हा त्याचाच परिणाम आहे. खिडकीतून येणारे ऊन हा तर मोजमापाबाहेरचा दिवाच असून ते पाणीही तापवते, म्हणून टाकी ऊन न पोहोचणाऱ्या भिंतीकडे हलवावी. हलवण्यापूर्वी पाणी जवळजवळ सगळे उपसावे, नाहीतर तळाची काच तडकते.

आपल्याकडे भारनियमन आहे, हे गृहीत धरूनच वेळ ठरवावी लागते. चकती फिरणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि जितका वेळ वीज नसेल तितका मागे पडत जातो. काही दिवसांनी दिवा मध्यरात्री लागू लागतो आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण वेळ पाळतो. दुपारी दोन तास वीज गेली म्हणून रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवून भरपाई करण्याची गरज नाही. कमी प्रकाशाच्या वनस्पतींना एखादा दिवस थोडका प्रकाश मिळाल्याने काही होत नाही.

आता पिवळ्या पानांविषयी. रोपवाटिकांमध्ये यांतील बऱ्याच वनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात, कारण तिथे त्या लवकर भरतात. टाकीत बुडवल्यावर हवेत वाढलेली ती पाने पाण्यात तग धरत नाहीत आणि गळतात, मग पाण्याला योग्य अशी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरिन ही टाकीत लावली जाणारी वनस्पती तर जागा बदलली तरी सगळी पाने विरघळल्यागत टाकून देते आणि मुळे शाबूत असल्यास काही आठवड्यांत पुन्हा उभी राहते. म्हणून सडकी पाने कात्रीने काढावीत, पण रोप उपटून फेकू नये. जुन्या पानांकडे न पाहता गाभ्यातून येणाऱ्या पानाकडे पाहावे. ते ताठ आणि हिरवे असेल तर रोप जगले आहे.

तुमच्यासाठी मी अ‍ॅन्युबियास, जावा फर्न, जावा मॉस आणि व्हॅलिसनेरिया एवढ्याच वनस्पती सुचवीन. अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न यांना एक जाड, आडवे खोड असते, ज्यातून वर पाने आणि खाली मुळे निघतात. ते खोड वाळूत पुरले की कुजते आणि पाठोपाठ पाने देठापासून सुटू लागतात. त्याऐवजी हाताच्या मुठीएवढा खडबडीत दगड घ्यावा, खोड त्यावर आडवे ठेवावे आणि सुती दोऱ्याचे चार-पाच सैल वेढे पानांच्या मधून द्यावेत. दोरा कुजेपर्यंत मुळे दगडाला धरलेली असतात. व्हॅलिसनेरिया मात्र वाळूतच लावावी. तिच्या मुळांचा पांढरा भाग वाळूखाली आणि पाने जिथून फुटतात तो गाभा नेमका वाळूच्या वर राहिला पाहिजे. एकदा रुजली की ती वाळूवरून धावते देठ सोडते आणि त्याच्या टोकाला नवे रोप धरते. नदीची जाड वाळू पाणी गढूळ निघेनासे होईपर्यंत धुवून वापरावी, शेतातली काळी माती अजिबात टाकू नये.

पाण्याचा प्रश्न माझ्या भागापेक्षा तुमच्याकडे कठीण आहे, कारण दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात येते. गप्पी मासे खारट, जड पाणी सहन करतात म्हणून ते ठणठणीत दिसतात, पण कोवळ्या वनस्पतींना तेच पाणी जाचते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी निम्मे आणि पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी निम्मे असे मिश्रण करून आठवड्याला टाकीतील चौथा हिस्सा बदलावा, म्हणजे बदल हळूहळू होतो आणि मासेही बिचकत नाहीत. एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे उन्हाळ्यात घटलेली पातळी विहिरीच्या पाण्याने भरत राहिलात, तर टाकी दर आठवड्याला अधिक खारट होत जाते; ती भर नेहमी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यानेच घालावी. नळयोजनेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे.

खताच्या बाबतीत मी कळकळीने सांगतो की, घरात युरिया किंवा डीएपी आहे म्हणून चिमूटभरही टाकीत टाकू नका. त्यातून पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे एका रात्रीत मरू शकतात. माशांच्या विष्ठेतून नत्र आणि स्फुरद या वनस्पतींना पुरेसे मिळते. जुन्या पानांना बारीक भोके पडून कडा पिवळ्या पडू लागल्या तर बहुधा पालाश कमी असतो आणि नवे पान फिकट येऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी असते. कापसाच्या पानावर हे तुम्ही ओळखत असाल, इथेही ते तसेच ओळखायचे. अशा वेळी मत्स्यटाकीसाठी असलेले द्रवखत बाटलीवरील मात्रेच्या निम्म्याने सुरू करावे. पिकावर फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीत काम करू नये.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि या वनस्पतींना २२ ते २८ अंशांचे पाणी मानवते. झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावल्यास आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. त्या दिवसांत पाण्यावर काच नसल्यामुळे बल्ब जाळीवर न ठेवता उंच आणि पक्का टांगावा आणि प्रकाशाची मुदत पुन्हा ६ तासांवर आणावी. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अंधारात वनस्पतीही तो घेतात, म्हणून रात्री हवेचा पंप बंद करू नये. भारनियमन रात्रीचे असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा.

आमच्याकडील मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया आपसूक वाढतात आणि तुमच्या जवळपासच्या एखाद्या तळ्यातही त्या मिळू शकतील. भोवतालच्या शेतांतून तणनाशक वाहून येत नाही अशाच पाण्यातून त्या आणाव्यात, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ धुवाव्यात आणि आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून जळवा किंवा चतुराच्या अळ्या निघतात काय ते पाहावे. चतुराची अळी गप्पीची पिल्ले खाते. टाकीतून छाटलेली पाने आणि जादा रोपे मात्र उलट तळ्यात किंवा नाल्यात सोडू नयेत. बाहेरून आलेल्या जलपर्णीने आणि बेशरमीने आमचे कितीतरी तलाव व्यापले आहेत. छाटणी अंगणात उन्हात पूर्ण वाळवावी आणि मग शेणखताच्या खड्ड्यात टाकावी.