पाठमोऱ्या माशाला चाहूल कशी लागते?

प्रश्न : फुटाळा तलावाच्या काठावर पाय जरा जोरात आपटला, की आमच्याकडे शेपटी करून असलेले मासेही क्षणात पांगतात, आम्ही मोठ्याने बोललो, तर मात्र ते जागचे हलत नाहीत. माशांना कान नसतात, ते पार्श्वरेखेने (अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदी रेषेने) ऐकतात, असे माझी मुलगी सांगते. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : माशांना बाहेरचा आणि मधला कान नसतो, इतकेच त्यात खरे आहे. कवटीच्या आत दोन्ही बाजूंना त्यांचा अंतर्कर्ण, म्हणजे आतला कान, असतो आणि तुमच्या पावलाची चाहूल मुख्यतः तोच घेतो. बोलण्याचा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतो. पावलाची कंपने मात्र जमिनीतून पाण्यात उतरतात आणि तिथे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने पसरतात. रोहू, कटला, मागूर यांच्यात तर वाताशयाची, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीची, थरथर अंतर्कर्णापर्यंत पोहोचवणारी लहान हाडांची साखळीच असते, जिचे वर्णन वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये केले.

पार्श्वरेखेचे काम वेगळे आहे. शरीराच्या एक-दोन लांबींच्या अंतरातील पाण्याची हालचाल तिला कळते, म्हणून गढूळ पाण्यातही मासे थव्याने पोहताना एकमेकांवर आदळत नाहीत.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते यापुढचे. अनेक माशांच्या पश्चमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या भागात) माउथनर पेशी नावाच्या चेतापेशींची एक जोडी असते. अचानक आलेल्या आवाजाचा संदेश कानाकडून तिच्यापर्यंत आला, की आवाज ज्या बाजूने आला त्या बाजूच्या पेशीचा एकच आवेग मेरुरज्जूतून विरुद्ध बाजूच्या स्नायूंना आकुंचित करतो. मासा धनुष्यासारखा वाकतो आणि धोक्यापासून दूर उसळतो. या साखळीत चेतापेशी इतक्या थोड्या असतात, की स्नायू हलू लागेपर्यंत सेकंदाचा शंभरावा भागही क्वचितच लागतो.

आता मुलीच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे, तेही सांगायला हवे. पार्श्वरेखेत आणि कानात संवेदन करणाऱ्या पेशी एकाच प्रकारच्या असतात. त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म रोम वाकले, की पेशीत विद्युतभारित कण शिरतात आणि चेतातंतूकडे संदेश जातो. आपल्या कानातही याच पेशी आहेत. फरक एवढा, की माशांमध्ये नष्ट झालेल्या रोमपेशींच्या जागी नव्या तयार होतात, तर माणसाच्या कानातील श्रवणपेशी पुन्हा येत नाहीत; त्यामुळे सततच्या मोठ्या आवाजाने आलेला बहिरेपणा कायमचा राहतो.