पाखंडी म्हणजे भोंदू नव्हे

प्रश्न असा आला आहे: "मैत्रिणीबरोबर तिच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेले होते. पाळकांनी गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावर प्रवचन केले. तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ देवाच्या कृपेने होते, त्यात नियमशास्त्राची भर घालणारे शिक्षण पाखंडी असते, त्यापासून सावध राहा, असे ते म्हणाले. पण त्यांनीच सांगितले की ते शिक्षक धर्माचे नियम निष्ठेने पाळणारे होते. मग ते पाखंडी, म्हणजे ढोंगी, कसे? शिवाय हे तारण आणि बँकेतले तारण यांचा काही संबंध आहे का?"

पाळकांचा शब्द बरोबर आहे. चूक 'म्हणजे ढोंगी' या तुमच्या दोन शब्दांत आहे, आणि ती एकट्या तुमची नाही. कुठल्याशा बाबाला अटक झाली की वाहिन्यांच्या पट्टीवर 'पाखंडी बाबाचा पर्दाफाश' झळकतो. हिंदीत पाखंड म्हणजे ढोंग, कबूल. हिंदीचे हिंदीने बघावे. पण मराठीत ढोंग्यांसाठी शब्दांचा दुष्काळ कधी पडला होता? भोंदू आहे, दांभिक आहे, लबाड आहे, सोंगाड्या आहे, आणि 'बुवाबाजी' तर असा नेमका शब्द आहे की दुसऱ्या भाषांनी उसना मागावा. एवढे घरात असताना पाखंडाला त्या कामावर का जुंपायचे? आणि एकदा जुंपला की 'धर्माच्या मान्य मताविरुद्धचे शिक्षण' या अर्थासाठी शब्दच उरत नाही. 'कोशात दोन्ही अर्थ दिलेले आहेत' हे मला कुणी दाखवू नये. कोश वापर नोंदवतो, सैल वापरही नोंदवतो. तो त्याचा धर्म आहे.

पाखंडी आणि ढोंगी वेगळे, याचा माझा लाडका पुरावा मनुस्मृतीत आहे. चौथ्या अध्यायातला तिसावा श्लोक: 'पाषण्डिनो विकर्मस्थान् बैडालव्रतिकान् शठान् । हैतुकान् बकवृत्तींश्च वाङ्मात्रेणापि नार्चयेत् ॥' अशांचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये, असे मनू म्हणतो. तो सत्कार करावा की नाही हा वाद बाजूला ठेवा, फक्त यादी बघा. बैडालव्रतिक म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला, डोळे मिटून उंदराची वाट पाहणारा. बकवृत्ती म्हणजे बगळा, त्याचे ध्यान आपण रोज बघतो. शठ म्हणजे सरळ ठक. ढोंगाचे इतके नमुने स्वतंत्रपणे मोजले आहेत, आणि पाषंडी या सगळ्यांहून निराळा, यादीत सर्वांत पुढे. पाषंडी जर ढोंगीच असता, तर मांजर आणि बगळा आणायचे कारणच नव्हते.

आता बायबलच्या नव्या करारातले गलतीकरांस पत्र. गलतिया हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानात, अंकाराच्या आसपास. तिथे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने मंडळ्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे गट, स्थापन केल्या. तो पुढे गेल्यावर दुसरे शिक्षक आले आणि यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना सांगू लागले की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे ठीक, पण सुंता करून घ्या आणि मोशेचे नियमशास्त्र पाळा, त्याशिवाय तारण पुरे होत नाही. पौल भडकला. पत्राच्या सुरुवातीची नेहमीची आभाराची ओळसुद्धा त्याने गाळली आहे आणि थेट शापावर आला आहे. आम्ही सांगितलेल्या सुवार्तेहून निराळी सुवार्ता कोणी सांगितली, मग ते आम्ही असू किंवा स्वर्गातला देवदूत असो, तो शापित! या वाक्यातला देवदूत महत्त्वाचा. देवदूत काही भोंदू नसतो. आणि 'आम्ही' म्हणताना पौल स्वतःलाही त्यात धरतो. म्हणजे सांगणारा किती सच्चा, किती पवित्र, हा मुद्दाच नाही. शाप शिक्षणाला आहे. (त्या शिक्षकांच्या निष्ठेबद्दल पौलाचे मत तुमच्या पाळकांइतके चांगले नव्हते. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की हे लोक स्वतःच नियमशास्त्र पाळत नाहीत. पण तो टोमणा पत्राच्या शेवटी आहे, आणि शाप सुरुवातीला.)

याच पत्रात खरेखुरे ढोंगही आहे, आणि ते कोणाचे, तर येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचे. दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो: अंत्युखियात पेत्र यहूदी नसलेल्या लोकांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसे आली आणि हा हळूच पानावरून उठला, वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी उठले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्यांच्या नादी लागला. तिथे ग्रीकमध्ये शब्द आहे 'हुपोक्रिसिस', नाटकातल्या नटाशी नाते सांगणारा, आणि मराठी पवित्र शास्त्रात त्याला चोख 'ढोंग' म्हटले आहे. पेत्राला खरे काय ते ठाऊक होते आणि तो वागला उलटे. ते ढोंग. गलतियातल्या शिक्षकांनी उलटेच खरे म्हणून शिकवले. ते पाखंड. पेत्राला पौलाने सर्वांदेखत खडसावले, पण शाप दिला नाही. शापाचे धनी दुसरे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही ऐकलेल्या पत्रातच होते, पुढच्याच पानावर.

पण मला ज्यासाठी लिहायचे होते ते निराळे आहे. पाखंड आला कुठून?

जुन्या टीकाकारांनी दिलेली व्युत्पत्ती अजून प्रवचनांत फिरते: 'पा' म्हणजे पालन करणारा त्रयीधर्म, म्हणजे तीन वेदांचा धर्म, त्याचे जे 'खंडन' करतात ते पाखंड. ऐकायला छान, अनुष्टुभातही बसवलेली आहे, आणि साफ खोटी. कारण मूळ शब्दात 'खंड' नाहीच. मूळ शब्द पाषण्ड. उत्तरेत ष चा उच्चार ख होतो, भाषाची भाखा होते, वर्षाची बरखा होते, तसा पाषण्डचा पाखण्ड झाला. जुन्या पोथ्यांत तर ख लिहायला सर्रास ष वापरत, कारण ख हा 'रव' असा वाचला जाण्याची भीती. तेव्हा लेखणीनेही त्या गोंधळाला हातभार लावला. जो ख पुढे उच्चारातून आला त्याच्यावर 'खंडन' उभे करणे म्हणजे माडी आधी बांधून मग पाया शोधणे. तरी मोठमोठी विद्वान मंडळी ते टाळ्या घेत सांगतात. गंमत म्हणजे वेद न मानणाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी रचलेली ही व्युत्पत्ती शब्दाच्या सर्वांत जुन्या वापरासमोर टिकतच नाही.

कारण तो वापर आहे अशोकाच्या लेखांत, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. गिरनारचा बारावा शिलालेख काढा. देवानंपिय पियदसि राजा, म्हणजे अशोकच, सर्व 'पासंडां'चा, घर सोडलेल्या प्रव्रजितांचा आणि गृहस्थांचा सन्मान करतो, असे तो सुरू होतो. पुढे म्हणतो की उगाच आत्पपासंडपूजा (स्वतःच्या पासंडाची स्तुती) आणि परपासंडगरहा (दुसऱ्याच्या पासंडाची निंदा) करू नये. आत्पपासंड! आपले स्वतःचे पाखंड! ढोंग असा अर्थ घेतलात तर राजा प्रजेला 'स्वतःच्या ढोंगाची फार स्तुती करू नका' असे सांगतोय असे होईल. इथे पासंड म्हणजे पंथ, संप्रदाय, बस्स. शिवी नाही, निंदा नाही. आपल्याकडे सोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा आणि 1956 मध्ये वसईतल्या भुईगावला नवव्याचा. बारावा सापडता तर हा शब्द आपल्याच किनाऱ्यावर दगडात वाचता आला असता. त्याची चुटपुट मला कायम आहे.

आता माझे मत. आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत कोरलेल्या अशोकाच्या लेखात हाच शब्द 'प्रषंड' असा येतो. तिथल्या बोलीत र जागा बदलतो: धर्मचा ध्रम, प्रियदर्शीचा प्रियद्रशि, सर्वचा सव्र. तोच हिशेब लावा. प्रषंड म्हणजे पर्षंड, आणि पर्षंडच्या मागे उभी आहे पर्षद्. पर्षद् म्हणजे परिषद! पार्षद म्हणजे परिषदेतला. म्हणजे पाखंड आणि साहित्य परिषद एका घरातली भावंडे निघाली. शेवटच्या द चा ण्ड कसा झाला, असे विचारून काही भाषाशास्त्री ही व्युत्पत्ती संशयित ठरवतात. विचारोत. मधला र आधी दुसऱ्या रीतीने समजावून दाखवा आणि मग ण्ड बद्दल भांडू. मला ही व्युत्पत्ती पटते, कारण अर्थही चपखल बसतो: एकत्र बसणाऱ्यांचा गट, मंडळी, पंथ.

ग्रीकची कथा थेट अशीच आहे, आणि म्हणून बायबलच्या मराठी भाषांतरकारांना हा शब्द सुचला याचे मला कौतुक वाटते. ग्रीक 'हायरेसिस' म्हणजे निवड. मग निवडलेले मत, मग ते मत धरणारा गट. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सदूकी आणि परूशी या यहूदी पंथांना हाच शब्द आहे, निंदेचा वास नसलेला. कैसरियात सुभेदार फेलिक्सपुढे पौलावर खटला चालला तेव्हा वकील तर्तुल्लाने त्याला 'नासोरी पंथाचा पुढारी' म्हटले, नासोरी म्हणजे नासरेथच्या येशूचे अनुयायी. ग्रीकमध्ये शब्द तोच, हायरेसिस. म्हणजे कृपेच्या सुवार्तेसाठी शाप उच्चारणारा पौल स्वतः या शब्दाखाली आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला होता. पुढे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात हाच शब्द नाश करणाऱ्या मतांसाठी येतो आणि चर्चच्या इतिहासात तोच अर्थ रुजतो. पासंडचे इकडे जे झाले तेच हायरेसिसचे तिकडे. पंथाचा परपंथ झाला, परपंथाचा कुपंथ.

आणि पाखंडी माणूस सज्जन असू शकतो याचा दाखला हवा असेल तर पेलागियस घ्या. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा ब्रिटनचा संन्यस्त. रोममधल्या ख्रिस्ती लोकांचे ढिले वागणे पाहून तो चिडला आणि शिकवू लागला की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने पाप टाळू शकतो, देवाची आज्ञा पाळू शकतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्याच्या विरोधात उभा राहिला: मग कृपा कशाला हवी? पण त्याच ऑगस्टीनने सुरुवातीला पेलागियसचा उल्लेख 'ऐकतो ते पाहता पवित्र पुरुष' असा केला आहे. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची मते पाखंड ठरवली. चारित्र्याबद्दल तक्रार नव्हतीच. भोंदूला पकडायला पोलीस पुरतात. असल्या माणसाविरुद्ध लिहायला ऑगस्टीन लागतो. खोट्या शिक्षणापासून सावध राहा, असे पाळक घसा फोडून सांगतात ते म्हणूनच. लुच्च्याला माणसे लवकर ओळखतात, सदाचारी माणसाच्या चुकीला भुलतात. पुढे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लूथर याच्या काळापासून कॅथलिक आणि त्याचे अनुयायी लूथरन याच कृपेवरून एकमेकांना पाखंडी म्हणत आले, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला दोन्हीकडच्यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात एकमेकांवरचे जुने धिक्कार आजच्या मांडणीला लागू नाहीत, असे म्हटले आहे. भोंदूगिरीवर अशी सही होत नसते.

हां, तारण राहिले. तॄ धातू, तरून जाणे. त्याचे प्रयोजक तारणे, 'देव तारी त्याला कोण मारी' मधले. तारू, उतारू, अवतार, तीर्थ ही सगळी त्याच कुटुंबातली. बँकेतले तारणही तेच. सावकाराचा पैसा बुडू न देणारी वस्तू ती तारण, असा माझा कयास. गोव्याच्या कॅथलिकांनी कोंकणीत निराळी वाट धरली: तारणाला सोडवण, कृपेला कुर्पा. 'नमान मोरिये' या मरियेच्या प्रार्थनेत 'कुर्पेन भरलेले' ऐका. हल्ली काही वक्ते 'कृपा म्हणजे देवाचे विनातारण कर्ज' अशी कोटी करतात. ती करू नये. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृपेने झालेल्या तारणाला देवाचे दान म्हटले आहे. कर्ज विनातारण असले तरी फेडावे लागते, आणि फेडायचे ठरले की गलतियाचे ते शिक्षक दारात हजर.

जाता जाता, तुमच्या पत्राच्या शेवटी 'कृपया करून उत्तर द्यावे' असे आहे. 'कृपया' हे संस्कृतात कृपा शब्दाचे तृतीयेचे एकवचन, म्हणजे मराठीत 'कृपेने'. त्याच्यापुढे 'करून' लावले की 'कृपेने करून' होते. एक तर 'कृपया' लिहा, नाही तर 'कृपा करून'.