सरांची पेटी कपाटात ठेवू नका

प्रश्न : ताई, आमच्या पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, सरांना जाऊन आठ महिने झाले. नोकरी सांभाळून तीसेक वर्षं त्यांनी संध्याकाळी शिकवलं, फी कुणाकडे मागितली नाही. कुणीही गायला बसलं की साथीला सर हजर. घरी तीन पेट्या, त्यातल्या दोन कायम कुठल्या ना कुठल्या मुलाकडे असायच्या. आता तिन्ही परत आल्यात, शिवाय खोकंभर कॅसेट आहेत. आम्ही बावीस विद्यार्थी आहोत. काहींना सरांच्या नावाने स्पर्धा हवी आहे, काहींना पेटी काचेच्या कपाटात मांडायची आहे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, काहीच बोलत नाहीत. मला यातलं काही पटत नाही, पण दुसरं काय करावं हेही सुचत नाही. – एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी काकूंकडे जा. एकटीच जा आणि कुठलाही बेत न घेता जा. बावीस जणांनी ठरवून समोर ठेवलं तर त्या ‘हो’ म्हणतील, पण ते मनापासून असेलच असं नाही. पेट्या आणि कॅसेट त्यांच्या आहेत. एखादी पेटी त्यांना आहे त्याच कोपऱ्यात हवी असेल, तर तिला हात लावू नका.

काचेच्या कपाटाला मात्र माझा ठाम विरोध आहे. वाजती नसलेली पेटी आतून खराब होत जाते. भात्याच्या घड्यांचं चामडं कडक होऊन चिरतं, पट्ट्यांखालच्या लोकरी कापडाला कसर लागते, दमट हवेत, सूर देणाऱ्या पितळी रीडवर हिरवट थर चढतो. बाहेरून पॉलिश चकाकत असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रोज दहा मिनिटं कुणी भाता हलवला तरी पेटी चांगली राहते. एखादा सूर अडला तर बहुतेक वेळा बारीक कचराच असतो. रीडच्या जिभेखालून पातळ कागद अलगद सरकवला की सुटतो. पण जीभ खरवडायला जाऊ नका. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो आणि गेलेलं पितळ काही परत येत नाही. ते काम पेटी दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

आता स्पर्धेबद्दल. इथे मला माझी एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी चौदा वर्षांची असेन. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून, तयारी केली होती आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी घसा बसला. घरी सांगितलं नाही, पेटीच्या साथीला बसणाऱ्या काकांनाही नाही. पडद्यामागे मी हळूच गुणगुणून बघत होते, ते त्यांनी ऐकलं असावं. मंचावर बसल्यावर त्यांनी तबलजींकडे पाहून मान हलवली. तबलजींनी हातोडी घेतली आणि दायाँचे, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याचे, लाकडी गठ्ठे ठोकायला लागले. मला वाटलं, नेहमीसारखा तबला लावताहेत. काकांनी षड्ज, म्हणजे सा, दिला, मी डोळे मिटून तो घेतला आणि गायले. वरचा सा लागला, टिकला. घरी येऊन आनंदाने पेटी काढली, काळी चारवर तीच जागा घ्यायला गेले, तर आवाज फाटला. तेव्हा उलगडलं. त्यांनी मला काळी तीन दिली होती, पूर्ण एक स्वर खाली, आणि चौदा वर्षांच्या मुलीचं तोंड सगळ्यांसमोर पडू दिलं नव्हतं. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, त्याची रुखरुख आजही आहे.

तुमच्या सरांनीही तुम्हा बावीस जणांना असं कुठे ना कुठे सांभाळून घेतलं असणार. ते प्रत्येकाकडून लिहून घ्या. ‘सर फार प्रेमळ होते’ एवढ्यावर कुणाला सोडू नका. काय वाजवलं, काय म्हणाले, कुणाची पट्टी उतरवली, ते विचारा. आणि मग सांगा, असं करणाऱ्या माणसाच्या नावाने मुलांना पहिला, दुसरा, तिसरा नंबर कसा द्यायचा? त्यापेक्षा त्यांच्या स्मृतिदिनी ज्यांना साथीला कुणी मिळत नाही अशांना बोलवा आणि तुम्ही साथीला बसा. एका कानाने गाणाऱ्याचा श्वास ऐकत वाजवा.

काकूंची हरकत नसेल तर दोन पेट्या पुन्हा फिरत्या करा. एक वही ठेवा, त्यात नाव, तारीख, फोन नंबर लिहा, बस. अनामत रक्कम घेऊ नका; ज्याच्याकडे पेटी नाही त्याच्याकडे तीही नसते.

कॅसेटचं काम लांबवू नका. टेप जुनी होत जाते आणि कॅसेट वाजवायचा चांगला डेक मिळणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. पहिली गोष्ट, प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकूनही त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. डेकचं हेड, म्हणजे टेप जिथे टेकते तो भाग, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. टेप एकदा पुढे, एकदा मागे सलग गुंडाळून घ्या, मग वाजवा. मूळ प्रत संगणकावर २४ बिट, निदान ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये उतरवा. एकमेकांना पाठवायला एमपी-थ्री वेगळी करा. मूळ प्रतीतली खरखर काढू नका. आणि गाण्यांमधलं बोलणं कापू नका, ही माझी कळकळीची विनंती. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हा ती मुख्यतः बोलणं टिपायलाच होती, आणि त्या खोक्यात तुम्हाला खरं तेच सापडणार आहे. ‘पुन्हा घे, घाई नाही’ हे सरांच्या आवाजात.

प्रश्न : माझ्या गुरूंनी मला बारा वर्षं फुकट शिकवलं. आता मी शिकवतो, घर त्यावरच चालतं. फी घेताना अपराधी वाटतं. घेऊ नये का? – एक तबलावादक

उत्तर : घ्या, आणि मान खाली न घालता घ्या. तुमच्या गुरूंना दुसरं उत्पन्न होतं का, ते आठवून पाहा. असेल, तर तुमची त्यांच्याशी तुलनाच होत नाही. उपाशीपोटी शिकवणारा चिडका होतो, आणि ती चीड मुलांच्या हातावर उतरते.

पण दर वर्गात एक जागा बिनफीची ठेवा. कितीही चणचण असली तरी ती भरू नका, फी न परवडणाऱ्या मुलाची वाट पाहा. तो आला की त्याची फी माफ आहे हे बाकीच्यांना कळू देऊ नका. फीच्या दिवशी सगळ्यांना पाकीट आणायला सांगत असाल, तर त्यालाही एक बंद पाकीट आणायला सांगा.