‘एम्बारासादा’ म्हणजे लाजलेली नव्हे

प्रश्न : मी मेक्सिकोतल्या एका मुलीला ऑनलाइन इंग्रजी शिकवते. तिची भाषा स्पॅनिश. पातळीप्रमाणे शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, भाषा किती येते हे मोजायच्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्या काउन्सिल ऑफ युरोपने २००१ साली मांडल्या. मापाला चांगल्या आहेत, पण तो क्रम सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. ‘एडिफिस’ (मोठी इमारत) हा इंग्रजी शब्द आपल्याला अवघड. तिला सोपा, कारण तिच्या घरी इमारतीला ‘एदिफीसियो’च म्हणतात. उलट ‘पुट ऑफ’ (पुढे ढकलणे), ‘गिव्ह अप’ (सोडून देणे) असले बारके शब्द तिला छळतील. वेळ तिथे द्या. रोज दोनच घ्या, तिच्याच दिवसातल्या वाक्यांत बसवून.

दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या, पण अर्थ वेगळा असणाऱ्या शब्दांची मात्र वेगळी वही करायला लावा. स्पॅनिश ‘एम्बारासादा’ इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारखा दिसतो, पण म्हणजे लाजलेली नव्हे, गरोदर! ‘लिब्रेरीया’ ‘लायब्ररी’सारखा दिसतो, पण म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. माझ्या वर्गात खानापूरकडचा एक मुलगा हिंदीच्या पुस्तकात ‘शिक्षा’ वाचून कावराबावरा झाला होता. त्याला वाटलं, आता कुणाला तरी छड्या बसणार. पाटीवर दोन्ही अर्थ शेजारी लिहून दाखवले, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. तुम्हीही तसंच शेजारी-शेजारी लिहा.