म्हाताऱ्या बजीचं आजारपण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं वय झालेल्या बजींबद्दलची, म्हणजे घरी पाळतात त्या छोट्या बजरीगर पोपटांबद्दलची आहेत. नीट सांभाळलेला बजी साधारण 5 ते 10 वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. सहा-सात वर्षांनंतर दुखणी डोकं वर काढतात आणि तीही एकदम, कारण बजी आजार अंगावर काढतो आणि अगदीच झेपेनासं झालं की मगच तो दिसू देतो. त्यामुळे 'कालपर्यंत छान होता' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे.

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा नर कालपासून पिसं फुगवून बसलाय, दिवसाही झोपतो. वाटीशी जाऊन दाणे खाताना मात्र दिसतो. पक्ष्यांच्या डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. तोवर काय करू?

आधी ऊब द्या. निदान काय व्हायचं ते होईल, पण थंडीत बसलेला 35 ग्रॅमचा जीव आपली सगळी ताकद अंग गरम ठेवण्यातच घालवतो. पिसं फुगवणं हा त्याचाच प्रयत्न असतो. पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाका. एका टोकाला पिंजऱ्याबाहेर दिवा किंवा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. कापड त्याला टेकणार नाही असं बघा. पक्षी बसतो त्या उंचीवर थर्मामीटर टांगून तापमान 28 ते 30 अंश सेल्सिअस राखा. दुसरं टोक थोडं थंड राहू द्या, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल. चोच उघडून धापा टाकू लागला, पंख अंगापासून लांब धरू लागला, तर उष्णता जास्त झाली. तरीही फुगलेलाच असेल तर कमी पडतेय. गरम हवा कोरडी होते, म्हणून जवळ पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा, त्याला त्यात उतरता येणार नाही असं.

दिवा निवडताना एक काळजी घ्या. फुटू नये म्हणून काही दिव्यांवर नॉनस्टिक तव्यासारखा थर दिलेला असतो. तो तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. तसा दिवा नको. आजारी पक्षी घरात असताना नॉनस्टिक भांडी, फवारे आणि धूरही बंद.

आता 'खाताना दिसतो' याबद्दल. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, आत नुसती टरफलं असतात. आजारी बजी तर दाणे नुसते चाळत बसतो, सोलतो आणि टाकून देतो, पोटात काहीच जात नाही. म्हणून वाटीवर विश्वास ठेवू नका. तळाला पांढरा कागद घाला आणि शीट मोजा. चांगलं खाणारा बजी दिवसभरात 40-50 वेळा शीट टाकतो. आकडा निम्म्यावर आला, शीट बारीक आणि काळपट हिरवी झाली, तर तो उपाशी आहे असं समजा. शिटेत तीन गोष्टी असतात : गडद घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसू लागला तर यकृताकडे संशय जातो. शिटेत अख्खे दाणे दिसले तर जठराच्या बुरशीची तपासणी करायला डॉक्टरांना सांगा. तो कागद बदलताना टाकू नका, फोटो काढून तपासणीला न्या.

आणि वजन करा. 1 ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा छोटा डबा, डब्याचं वजन वजा करून. रोज सकाळी, पहिली मोठी शीट झाल्यावर आणि दाणे घालण्याआधी. 35 ग्रॅमच्या पक्ष्याचे 3-4 ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. पिसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. छातीच्या मधल्या हाडावरून अलगद बोट फिरवलं आणि हाड सुरीच्या धारेसारखं लागलं, तर अंगावरचं मांस उतरलं आहे.

परवापर्यंत थांबू नये अशी लक्षणंही सांगतो. प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, बसल्या जागी चोच उघडी राहणं, तळावर आडवं पडणं, झटके, मादी असेल तर अंडं अडल्यासारखं कुंथणं. आणि न थांबणारं रक्त : एवढ्या पक्ष्याच्या अंगात सगळं मिळून साधारण साडेतीन मिलिलिटर रक्त असतं. सात-आठ थेंब गेले की दहावा भाग संपला. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, मिळेल त्या पशुवैद्याकडे जा.

प्रश्न : नराच्या चोचीवरचा निळा भाग हळूहळू तपकिरी झाला आणि आता तो एका पायावर भार देत नाही. पाय कुठे अडकून मुरगळला असेल का?

मुरगळला असेलही, पण या दोन गोष्टी एकत्र आल्या की आधी दुसरीच शंका येते. नाकपुड्यांभोवतीच्या त्या भागाला सिअर म्हणतात. प्रौढ मादीत तो तपकिरी असतो, विणीच्या काळात खरखरीतही होतो, त्यात काळजीचं काही नाही. वयस्क नरात निळा सिअर तपकिरी होऊ लागला तर बहुधा वृषणात गाठ आहे आणि ती मादीचं संप्रेरक तयार करते आहे. पक्ष्यांची वृषणं पोटाच्या आत, पाठीला लागून, मूत्रपिंडांच्या शेजारी असतात. पायाकडे जाणाऱ्या नसाही तिथूनच, मूत्रपिंडाला खेटून जातात. गाठ वाढली की नस दाबली जाते आणि त्या बाजूच्या पंज्याची पकड सुटते. मूत्रपिंडातच गाठ असेल तर सिअरचा रंग न बदलताही पाय लुळा पडतो. बजींमध्ये हे दुर्मीळ नाही. म्हणून पायाला पट्टी बांधून वाट बघू नका, क्ष-किरण तपासणीबद्दल विचारा.

एवढ्याशा पक्ष्यातून ती गाठ काढणं जोखमीचं असतं आणि बरेच डॉक्टर ते सुचवतही नाहीत. काही पक्ष्यांना संप्रेरकं दाबणारं इंजेक्शन किंवा कातडीखाली बसवायची गोळी यांनी काही काळ आराम पडतो. वेदनेसाठी बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, पण मात्रा वजनावर ठरते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तोडून देणं साफ चूक.

पुढचं काम पिंजऱ्याचं आहे आणि ते तुमच्याच हातात आहे. उंच दांड्या काढा. तळापासून 5-7 सेंटिमीटरवर एक दांडी आणि तिच्या पातळीला हाताच्या पंजाएवढी सपाट फळी बसवा. पकड गेलेला पक्षी फळीवर झोपू शकतो, दांडीवर नाही. तळाची जाळी काढून टाका, तिच्यात पाय अडकतो. खाली मऊ कापड आणि वर कागद, दिवसातून दोनदा बदलायचा. दाणे आणि पाणी फळीवर चोचीसमोर ठेवा. पाण्याची थाळी सेंटिमीटरभर खोल पुरे. वर पोचण्यासाठी उतरता छोटा जिना लावा, उडी मारायला लागू नये.

यात हमखास विसरतो तो चांगला पाय. सगळा भार त्याच्यावर येतो आणि तळव्याला फोड होतो. दर दोन-तीन दिवसांनी तळवा बघा. खवल्यांची नक्षी जाऊन कातडी गुळगुळीत, लालसर, चकचकीत झाली की तीच सुरुवात. दांडीला स्वतःलाच चिकटणारी मऊ पट्टी गुंडाळा, मळली की बदला. वाळूच्या कागदाचं वेष्टण असेल तर आजच काढून फेका. शेपटीखाली शीट चिकटली तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसा. ओढलीत तर पिसाबरोबर कातडी येते.

प्रश्न : औषध द्यायला गेलं की तो जिवाच्या आकांताने धडपडतो. पाण्यात मिसळलं तर चालणार नाही का? आणि खात नसेल तर सिरिंजने भरवावं का?

पाण्यात नको. बजी कोरड्या प्रदेशातला पक्षी, मुळात दिवसाला काही मिलिलिटरच पितो. आजारी असला की त्याहून कमी आणि चव बदलली तर तेही सोडतो. म्हणजे औषधही गेलं आणि पाणीही. डॉक्टरांनी मुद्दाम पाण्यातून द्यायला सांगितलं असेल तेवढाच अपवाद.

आधी सगळी तयारी करा : सुई नसलेली 1 मिलिलिटरची सिरिंज भरलेली, पुसायला कागद, पिंजऱ्याचं दार उघडं. मग दिवा मंद करून पातळ रुमालाने पक्षी धरा. पाठ तुमच्या तळहाताकडे, डोकं अंगठा आणि मधल्या बोटाच्या मध्ये, दोन्ही गालांवर हलका आधार. छाती अजिबात दाबायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते, त्यामुळे मूठ आवळलीत तर मान मोकळी असूनही तो गुदमरतो. पाठीवर उताणा न ठेवता उभा धरा. सिरिंजचं टोक चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे रोखा, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. एक थेंब, गिळू द्या, मग पुढचा. मिनिटभरात आटपा. धापा लागल्या तर उरलेलं औषध राहू द्या, पिंजऱ्यात सोडा आणि दम घेऊ द्या.

भरवण्याबद्दल जरा कडक बोलतो. अंग थंड असलेल्या पक्ष्याला भरवू नये. त्याची गळ्याखालची अन्नपिशवी हलत नाही आणि आत गेलेलं तिथेच आंबतं. आधी ऊब, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पाणी आणि क्षार, त्यानंतर पातळ खाणं. भरवायची पावडर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवा, तापमान थर्मामीटरने बघून 38 ते 40 अंश. त्याहून थंड असेल तर पिशवी रिकामी होत नाही, 43 च्या वर गेलं तर पिशवी आतून भाजते. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, वर कोमट आणि मध्ये उकळतं असं होतं. मोठ्या बजीला एका वेळी 1 ते 2 मिलिलिटर पुरे, आणि पिशवी बोटाला रिकामी लागल्याशिवाय पुढचा घास नाही. नळीने भरवणं डॉक्टरांनी समोर करून दाखवलं असेल तरच करा.

सिटॅकोसिस या जिवाणूंच्या आजारासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल तर समुद्रफेस आणि खनिजाची वडी पिंजऱ्यातून काढा. कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतं. हा कोर्स बरेचदा 45 दिवसांचा असतो, पक्षी दहाव्या दिवशी गाऊ लागला तरी पूर्ण करायचा. हा आजार माणसालाही होतो. वाळलेली शीट झाडू नका, ओली करून मास्क लावून पुसा, आणि घरात कुणाला ताप-खोकला आला तर घरी आजारी पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : आयुष्यभर दाण्यांवरच राहिलाय. आता तरी पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) आणि भाज्या सुरू कराव्यात का?

आत्ता नाही. पेलेट हे खाणं आहे हे बजीला कळायलाच काही आठवडे लागू शकतात, आणि आजारी पक्ष्याकडे उपाशी राहायला एक दिवसही नसतो. जे खातो ते द्या. राळ्याचं कणीस तोंडासमोर टांगा, ते बहुतेक सगळे खातात. भिजवलेले दाणे दिलेत तर उबदार पिंजऱ्यात ते लवकर आंबतात, दोन तासांत उचला. वजन दोन-तीन आठवडे स्थिर राहिलं की मग बदलाचा विचार.

प्रश्न : जोडीदाराला वेगळं करावं का?

जंतुसंसर्गाची शंका असेल तर वेगळ्या खोलीत. खाणंपाणी आधी निरोगी पक्ष्याचं, मग आजाऱ्याचं, मध्ये हात धुऊन. गाठ, संधिवात, वाताच्या गाठी असं काही असेल तर पिंजरे शेजारी ठेवा. तरीही पहिले दोन दिवस वेगळे ठेवाच, नाहीतर कोणती शीट कुणाची हे कळणार नाही. जोडीदार वाटीवरून हुसकावत असेल तर पुढेही वेगळेच.

प्रश्न : आता पुरे, हे कसं ठरवायचं?

रोज एका वहीत पाच गोष्टी लिहा : वजन, स्वतःहून खाल्लं का, फळीवर चढला का, पिसं साफ केली का, तुमच्या आवाजाला किंवा जोडीदाराला उत्तर दिलं का. एखादा वाईट दिवस काही सांगत नाही. पण वेदनाशामक चालू असताना सलग तीन-चार दिवस बहुतेक उत्तरं 'नाही' येत असतील आणि वजन घसरतच असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. श्वासासाठी झगडत असेल तर वहीची वाट बघू नका. पक्ष्याला आधी वायूची भूल देतात, तो पूर्ण बेशुद्ध झाला की इंजेक्शन. तुमचे डॉक्टर याच क्रमाने करतात का, हे आधीच विचारून ठेवा. फ्रीजरमध्ये ठेवणं, पाण्यात बुडवणं, माणसांच्या झोपेच्या गोळ्या, यातलं काहीही घरी करू नये. यात पक्षी शांतपणे जात नाही.

घरात दुसरे पक्षी असतील तर शवविच्छेदन करून घ्या. त्यासाठी मृत पक्ष्याची पिसं साबणाच्या पाण्याने भिजवा म्हणजे अंग लवकर थंड होतं आणि धूळ उडत नाही. पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, कारण गोठल्यावर ऊती फुटतात आणि तपासणीला निरुपयोगी ठरतात. शक्यतो 24 तासांत पोचवा. पिंजरा आधी साबणाने घासून घ्या, मळावर जंतुनाशक काम करत नाही. मग 1 भाग ब्लीचला 32 भाग पाणी, दहा मिनिटं भिजू द्या, भरपूर धुवा, उन्हात वाळवा. हे काम उरलेल्या पक्ष्यापासून लांब करा, त्या वासानेही त्याला त्रास होतो. लाकडी दांड्या फेकून द्या. मागे राहिलेल्याचं वजन मात्र पुढचे दोन आठवडे रोज करा, जोडीदार गेल्यावर काही बजी खाणं सोडतात.